पाणी उथळ का दिसते?

स्वच्छ पाण्याच्या विहिरीत किंवा डोहात वाकून पाहिले की तळ प्रत्यक्षापेक्षा वर दिसतो. तळाकडून येणारे प्रकाशकिरण पाण्यातून हवेत शिरताना स्तंभिकेपासून दूर वळतात. यालाच प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. आपला मेंदू मात्र किरण सरळच आले असे धरतो, त्यामुळे तळ उचलल्यासारखा भासतो.

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. सरळ वरून पाहिल्यास,

आभासी खोली = प्रत्यक्ष खोली ÷ अपवर्तनांक

म्हणजे २ मीटर खोल पाणी १.५ मीटरच वाटते. काठावरून तिरपे पाहिल्यास ते आणखी उथळ दिसते. गळ्यापर्यंत येईल असे वाटलेले पाणी प्रत्यक्षात डोक्यावरून जाते. म्हणून अनोळखी पाण्यात उतरण्यापूर्वी काठीने खोली तपासा, नुसत्या नजरेवर विसंबू नका.