गुळवेल कशावर चालेल? कॉम्प्युटरला विचारूया!

गोराईत आमच्या आंब्यावर गुळवेल चढलीय. तिचा रेणू कुठल्या आजारावर चालेल, याचा अंदाज कॉम्प्युटर बांधू शकतो. चेन्नईच्या गणित संशोधन संस्थेचा ‘इम्पॅट’ डेटाबेस मोबाईलच्या ब्राउझरमध्येही फुकट उघडतो. त्यात भारतीय औषधी वनस्पतींमधले सुमारे १८ हजार रेणू आहेत. डॉकिंग सॉफ्टवेअर त्यातला रेणू आजाराशी संबंधित प्रथिनाच्या खाचेत बसवून बघतं, कुलपात किल्ली घालावी तसं. स्कोअर जितका मायनसमध्ये, तितकी पकड घट्ट. पण तो रेणू पोटातून रक्तात पोचेल का, यकृताला झेपेल का, हे त्या स्कोअरमधून कळत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने हा संबंध नाकारला. स्कोअरवरून लॅबमध्ये आधी काय तपासायचं ते ठरतं. काढा घ्यायचा तर डॉक्टरांनाच विचारा.