खापरांची साक्ष

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. तेथील पुरातत्त्व संग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की मी मूर्तींपुढे फार वेळ थांबत नाही. इनामगावच्या खापरांपुढे थांबतो. पोथी लिहिणारा नको ते गाळू शकतो. फुटके मडके फेकणाऱ्याला आपण मागे पुरावा ठेवत आहोत, याची कल्पनाही नसते.

परंतु खापर आपोआप बोलत नाही. ते कोणत्या स्थळी, कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात सापडले याची नोंद असावी लागते. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. त्या थरातील कोळशाच्या कार्बन-१४ मापनावरून काळ ठरवतात. ही नोंद हरवली की खापर मुके होते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर, त्याला लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला होता. इतर प्रौढांना पुरताना त्यांची पावले तोडलेली आढळतात. याची शाबूत होती. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे मात्र मुख्य वस्तीच्या पश्चिम कडेला होती.

हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे आपण तेव्हाही गावकुसाबाहेरच होतो का?"

माझ्या ओठांवर 'होय' आले होते. ते मी गिळले. घर कडेला होते, एवढेच माती सांगते. भट्टीच्या धुरामुळे आणि आगीच्या भीतीमुळेही कुंभार कडेला राहील. कोठार कोणाच्या हाती होते, यावरून विषमता दिसते. पण जन्माने ठरलेली जात, स्पर्शाचा विटाळ या खापरांवरून सिद्ध होत नाही.

ही सावधगिरी केवळ पंडिती नव्हे. 'हे अनादी काळापासून चालत आले आहे' हेच तर व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे असते. रागाच्या भरात आपण त्यांचेच म्हणणे उचलून धरू नये. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम सुमारे इ.स. ४०० च्या आसपास मांडला. जिथे पुरावा तुटतो तिथे आपण अनुमानाने दुवा जोडत आहोत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या तारखेवर वाद होऊ शकेल. पण अस्पृश्यतेला जन्मकाळ आहे, ती माणसांनी निर्माण केली आहे, हा त्यांचा मुद्दा आपल्या लढ्याचा पाया आहे. इनामगावचे उत्खनन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बारा वर्षांनी सुरू झाले. तो पुरावा वाचण्याचे काम आपल्यावर आले आहे.

म्हणून शिक्षकांनी मुलांना संग्रहालयात न्यावे आणि प्रत्येक कपाटापुढे दोन प्रश्न विचारायला लावावेत: ही वस्तू स्वतः काय सांगते? आणि तिच्याविषयी लिहिणाऱ्याने स्वतःचे काय मिसळले आहे? हेच प्रश्न आपल्या उत्तरांनाही लावावेत.