पेकन आणि उपनगरातील देशी बदाम

मुंबईतील सुक्या मेव्याच्या मोठ्या दुकानांत अक्रोडाशेजारी पेकनचा लांबट, तांबूस गर आढळतो. हे झाड शाळेच्या आवारात लावावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि रोप आणण्यापूर्वी त्याचा स्वभाव जाणून घेणे इष्ट.

पेकन हा हिकरी वर्गातील, अक्रोडाच्या कुळातील पानझडी वृक्ष. मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. लुइझियाना राज्यात आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या सुमारास उत्तम जातीची कलमे बांधली आणि हे रानफळ बागेत आले. भारतात हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या डोंगराळ भागात त्याची लागवड होते. पुरेशी थंडी मिळाल्यावाचून त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता खरा, पण एका रात्रीने भागत नाही. थंडी बराच काळ टिकावी लागते. शिवाय एकाच झाडावरील नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या वेळी उमलतात, म्हणून दोन जातींची झाडे जवळ असावी लागतात. बोरिवलीत लावलेले झाड सावली देईल. फळांची आशा धरू नये.

त्यापेक्षा उपनगरांतील रस्त्यांवर उभ्या असलेल्या देशी बदामाकडे पाहावे. खरा बदाम तो नव्हे, ऐन-अर्जुनाच्या कुळातला. पिकलेली फळे वटवाघळे नेतात. वाळलेली कोय दगडाने फोडली की आत लहानसा, पण रुचकर गर मिळतो. मुलांना हे शिकवावे लागत नाही. पाने मोठी असल्याने गटारे तुंबतात, एवढे ध्यानी ठेवून नाल्यापासून दूर, पावसाळ्याच्या प्रारंभी लागवड करावी.