इंग्रजी भाषा-परीक्षेची पूर्वतयारी : वाचन, लेखन आणि भाषण

प्रास्ताविक

मागील घटकात आपण श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन या चार मूलभूत भाषिक कौशल्यांचा तात्त्विक परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यांपैकी तीन कौशल्यांचा विचार एका व्यावहारिक प्रसंगाच्या संदर्भात करावयाचा आहे. श्रवणाचा विचार पुढील घटकासाठी राखून ठेवला आहे.

मराठी विषय घेऊन पदवी मिळवू पाहणाऱ्याने इंग्रजीच्या परीक्षेचा विचार का करावा, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मुक्त विद्यापीठात प्रवेश घेणारे पुष्कळसे विद्यार्थी नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत असतात. त्यांत रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका असतात, परदेशी असलेल्या पतीकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या गृहिणी असतात, बाहेरच्या विद्यापीठात शिकण्याची आकांक्षा बाळगणारे तरुण असतात. यांच्यापैकी अनेकांच्या वाटेत इंग्रजीच्या ज्ञानाची एखादी प्रमाणित परीक्षा उभी असते. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी यासाठी ‘आयेल्ट्स’ ही परीक्षा देणाऱ्यास वाचन, श्रवण व भाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ इतकी श्रेणी मिळवावी लागते. अर्ध्या श्रेणीने घसरलेल्या व्यक्तीला परीक्षेचे भरमसाट शुल्क पुन्हा भरावे लागते.

आपण याच परीक्षेचा नमुना समोर ठेवू. ही परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. तिचे गुणांकन ० ते ९ अशा श्रेणींत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने होते. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. किती श्रेणी पुरेशी, हे ती मागणारी संस्था ठरवते. अन्य परीक्षांचे तपशील वेगळे असले, तरी येथे सांगितलेल्या सरावाच्या पद्धती त्यांनाही लागू पडतात.

वाचन : उताऱ्यात आहे तेवढेच

वाचनाच्या परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. उच्च शिक्षणासाठीच्या प्रकारात तीन दीर्घ उतारे असतात आणि त्यांची एकूण शब्दसंख्या सुमारे २१५० ते २७५० असते. उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. म्हणजेच एका प्रश्नाच्या वाट्याला वाचनासकट दीड मिनिट येते. प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबून, मनात त्याचे मराठी करून, मग पुढे सरकणाऱ्या वाचकाला हा वेळ कदापि पुरणार नाही.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीने व्याकरणाचा पाया पक्का होई, यात शंका नाही. पण वाक्यावाक्याचे भाषांतर करण्याची तिने लावलेली सवय वेळ लावून घेतलेल्या वाचन-परीक्षेत पायात घुटमळते. त्याऐवजी आपण मराठी वर्तमानपत्र कसे वाचतो ते आठवावे. बसची वाट पाहताना आपण प्रथम मथळे पाहतो, बातमीचे पहिले वाक्य वाचतो, आपल्या गावाचे नाव दिसले की तेथे थबकतो आणि मगच ती बातमी सावकाश वाचतो. हे धावते वाचन, शोधक वाचन आणि सखोल वाचन असे तीन प्रकार आपल्याला मराठीत अवगतच आहेत. इंग्रजी मजकूर समोर आला की मात्र आपण घाबरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच गतीने चालू लागतो.

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातील एखादा लेख घ्यावा. प्रथम दोन मिनिटांत प्रत्येक परिच्छेदाचे केवळ पहिले वाक्य वाचावे आणि परिच्छेद कशाविषयी आहे ते समासात दोन-तीन मराठी शब्दांत लिहावे. नंतर संपूर्ण लेख वाचावा. अडलेल्या शब्दांखाली रेघ मारावी, पण शब्दकोश उघडू नये. वाचन संपल्यावर रेघ मारलेल्या शब्दांपैकी किती शब्दांवाचून खरोखर अडले ते पाहावे. बहुधा ती संख्या अपेक्षेपेक्षा कमी निघते. तेवढेच शब्द कोशात पाहावेत.

या परीक्षेतील एक प्रश्नप्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. दिलेले विधान उताऱ्यानुसार खरे आहे, खोटे आहे, की त्याविषयी उताऱ्यात माहितीच नाही, असे तीन पर्याय असतात. समजा, उताऱ्यात म्हटले आहे की, कापडाच्या त्या गिरणीत प्रामुख्याने स्त्रिया काम करीत. विधान असे आहे : गिरणीतील स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळे. जगाचा अनुभव असलेला आपला विद्यार्थी चटकन ‘खरे’ असे उत्तर देतो, आणि तेथेच गुण गमावतो. उताऱ्यात वेतनाचा उल्लेखच नाही, म्हणून योग्य उत्तर ‘माहिती दिलेली नाही’ हे आहे. वयाने मोठे, वाचन दांडगे असलेले विद्यार्थी या प्रश्नात अधिक चुकतात, कारण त्यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. परीक्षेपुरते आपले ज्ञान बाजूला ठेवणे हेही एक कौशल्य आहे आणि ते सरावाशिवाय येत नाही.

उत्तर दोन शब्दांहून अधिक नसावे अशी सूचना असेल तर तीन शब्दांचे बरोबर उत्तरही चूक ठरते. वर्णलेखनातील चुकीलाही क्षमा नाही. मात्र चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये.

लेखन : मराठीतून विचार, मराठीच्याच चुका

लेखनासाठीही ६० मिनिटे असतात आणि दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला किमान १५० शब्दांचा. त्यात आलेखाचे वा तक्त्याचे वर्णन करावयाचे असते, अथवा सर्वसाधारण प्रकारात पत्र लिहावयाचे असते. दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याच्या दुप्पट असते, म्हणून २० आणि ४० मिनिटे अशी वाटणी करावी.

शाळेत आपल्याला निबंधाचा जो साचा शिकवला गेला, तो येथे उपयोगी पडत नाही. सुविचाराने आरंभ, मध्ये संतवचन, अखेरीस उज्ज्वल भवितव्याची आशा, ही आपली परिचित वाट. परीक्षकाला मात्र हवे असते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. विद्यापीठीय शिक्षण विनामूल्य असावे काय, असा प्रश्न असेल, तर पहिल्याच परिच्छेदात आपली भूमिका स्पष्ट व्हावी. पुढच्या परिच्छेदात एकच कारण घ्यावे, ते समजावून सांगावे आणि एक उदाहरण द्यावे. त्यानंतरच्या परिच्छेदात दुसरे कारण किंवा विरुद्ध पक्ष यावा. शिक्षणाचे महत्त्व सांगणारी सहा वाक्ये या प्रश्नाचे उत्तर होत नाहीत.

शिकवणीवर्गांतून पाठ करवून घेतल्या जाणाऱ्या तयार वाक्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. ‘आजच्या आधुनिक युगात’ किंवा ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ यांची इंग्रजी रूपे हजारो उत्तरपत्रिकांत आढळतात आणि पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते, अशा वाक्यांची खरी हानी गुणांपेक्षा वेगळीच आहे : ती लिहिताना विद्यार्थी विचार करणे थांबवतो.

आता भाषेच्या चुकांकडे वळू. मराठीच्या अभ्यासकाला येथे एक मोठा लाभ आहे. आपल्या चुका कोठून येतात हे त्याला व्याकरणाच्या आधारे शोधता येते.

‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय पाहा. ‘मी २०१५ पासून येथे राहतो’ आणि ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पासून’ पुरते. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ अशी दोन अव्यये लागतात. शिवाय मराठीत ‘राहतो’ हा साधा वर्तमानकाळ चालतो, तर इंग्रजी तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ असे रूप मागते. म्हणून ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका होतात, आणि दोन्ही मराठी वाक्याच्या निष्ठावंत भाषांतरातून आलेल्या असतात. ‘विषयी चर्चा करणे’ यातील ‘विषयी’मुळे ‘डिस्कस’पुढे नकळत ‘अबाउट’ येऊन बसते. ‘मी नाशिकचाच आहे’ यातील निश्चयार्थक ‘च’ इंग्रजी वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ होऊन अवतरतो. ‘उसने’ हा एकच शब्द देण्याला आणि घेण्याला चालत असल्यामुळे ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांची अदलाबदल होते.

सर्वांत चिवट चूक ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्याला समजणारच नाहीत, असे मानले जाते. ते बरोबर नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात कोणते तरी एक पुस्तक आहे. दुसऱ्यात ज्याची आपण चौकशी करीत होतो ते पुस्तक आहे. जो भेद इंग्रजी उपपदाने दाखवते, तोच मराठी येथे शब्दक्रमाने दाखवते. भेद आपल्या मनात आहेच, त्याला इंग्रजीत शब्द द्यावयाचा आहे इतकेच. नाम लिहिताना ‘वाचकाला हे कोणते ते ठाऊक आहे काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावली, तर निम्म्याहून अधिक उपपदे योग्य जागी बसू लागतात.

सरावाची रीत अशी ठेवावी. घड्याळ लावून ४० मिनिटांत निबंध लिहावा आणि वही मिटून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तो तीनदा वाचावा : एकदा केवळ क्रियापदांसाठी, एकदा केवळ उपपदांसाठी, एकदा केवळ एकवचन-अनेकवचनासाठी. एकाच वाचनात सर्व चुका शोधू पाहणाऱ्याला अर्ध्या चुका दिसत नाहीत. सापडलेली प्रत्येक चूक वहीच्या मागच्या पानावर, तिच्यामागील मराठी वाक्यासह नोंदवावी. दहा निबंधांनंतर ते पान वाचले की आपल्या चुका मोजक्या पाच-सहा प्रकारांच्याच आहेत, असे ध्यानात येते.

भाषण : दोन मिनिटांचा प्रश्न

भाषणाची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. परीक्षक प्रथम घर, काम, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न विचारतो. दुसऱ्या भागात एक विषयपत्रिका दिली जाते. एक मिनिट विचार करून त्या विषयावर एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने अधिक व्यापक चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान महत्त्व असते.

बहुतेकांना भीती दुसऱ्या भागाची वाटते. येथे एक प्रयोग करून पाहावा. ‘स्मरणात राहिलेला एखादा प्रवास’ या विषयावर मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून दोन मिनिटे मराठीत बोलावे. पुष्कळांना ४० सेकंदांतच विषय संपल्याचा अनुभव येतो. म्हणजे अडचण केवळ इंग्रजीची नव्हती; तपशील कसा वाढवावा, हे ठाऊक नव्हते. गाडी किती वाजता सुटली, शेजारी कोण बसले होते, डब्यात काय होते, कशाचे भय वाटले, हे सांगू लागले की मराठीतील दोन मिनिटे भरतात. मग तोच प्रवास, त्याच क्रमाने, सोप्या इंग्रजीत सांगावा. परीक्षेत मिळणाऱ्या एका मिनिटात संपूर्ण वाक्ये लिहू नयेत. असे पाच-सहा तपशीलांचे शब्द कागदावर टिपावेत. टिपण मराठीत केले तरी हरकत नाही.

उच्चारांबाबत आपल्याकडे अकारण न्यूनगंड आहे. परीक्षेत इंग्रज माणसासारखे बोलण्याची अपेक्षा नसते, तर ऐकणाऱ्याला सहज कळेल असे बोलण्याची असते. यासाठी देवनागरीची मदत घेता येते. ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे मद्य, हा भेद आपली लिपी ‘व्ह’ आणि ‘व’ अशा अक्षरांनी दाखवते. तोंड मात्र दोहोंना एकच ‘व’ देते. ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत, ‘व’साठी ओठांचा चंबू करावा. आरशासमोर आठवडाभर सराव केल्यास हा भेद साधतो. ‘झू’मधील आरंभीचा ध्वनी ‘जोर’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे आणि ‘जॉब’मधला ‘जीवन’मधल्या ‘ज’सारखा. हे दोन्ही ‘ज’ मराठी माणसाच्या जिभेवर जन्मापासून आहेत.

त्याहून महत्त्वाचा आहे आघात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखेच वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरे दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. नवा शब्द कोशात पाहताना अर्थाबरोबर आघाताची खूणही पाहावी.

राहिला प्रश्न सोबतीचा. घरात, गावात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, आणि एकटे बोलू लागले तर घरचे हसतात, ही तक्रार अभ्यासकेंद्रावर नेहमी ऐकू येते. ती खरी आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः पहिली इंग्रजी मुलाखत ‘येस सर’ आणि ‘नो सर’ या दोन उत्तरांवर निभावून नेण्याचा प्रयत्न केला होता आणि ती निभावली नव्हती. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे अभ्यासकेंद्रातील एका सहाध्यायाशी रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे दूरध्वनीवर इंग्रजीतून बोलणे. एकमेकांच्या चुका बोलणे चालू असताना सुधारू नयेत. संभाषण संपल्यावर दोन चुका सांगाव्यात, दोनच. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती कशी करावी, याचाही सराव याच वेळी करावा. परीक्षेत अशी विनंती केल्याने गुण जात नाहीत. न समजलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर दिल्याने मात्र जातात.

स्वयंअध्ययनासाठी कृती

आपल्या परिसरातील आठवडी बाजार या विषयावर प्रथम मराठीत आणि नंतर इंग्रजीत प्रत्येकी दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करा. इंग्रजी ध्वनिमुद्रण ऐकून ते जसेच्या तसे कागदावर उतरवा. त्यातील ज्या चुकांमागे मराठी वाक्यरचना दिसते, अशा तीन चुका निवडा आणि प्रत्येकीसमोर मूळ मराठी वाक्य लिहून संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांना दाखवा.