चामडे नव्हे, कापड आहे ते! मोटारीच्या स्टिअरिंगवरच्या 'स्वेड'ची निगा

मोटारीच्या स्टिअरिंगवर हल्ली काळे, मऊ, लव असलेले आवरण पुष्कळ ठिकाणी दिसते. हाताला मखमलीसारखे लागते, डोळ्याला चामड्याच्या उलट्या बाजूसारखे दिसते. बाजारात त्याला कोणी स्वेड म्हणतो, कोणी अल्कांतारा, तर कोणी नुसता 'इंपोर्टेड माल' म्हणून मोकळा होतो. महागड्या परदेशी गाड्यांत ते कारखान्यातूनच लागून येते. आपले सीट कव्हरवाले कारागीर साध्या गाड्यांनाही ते हाताने शिवून देतात. काम देखणे होते. पण काही महिने गेले की तक्रार येते. स्टिअरिंग चकाकू लागले, चिकट झाले, लव गेली, बारीक गोळे आले. गिऱ्हाईक म्हणते माल खोटा, कारागीर म्हणतो वापर खोटा. या वादात मजुरी अडकते ती कारागिराचीच.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. इंजिन आणि गिअर यांत आम्हाला फारशी गती नाही. पण या भांडणाचे मूळ मोटारीत नाहीच, ते कापडात आहे. ही वस्तू चामडे नाही, विणलेले कापडही नाही. नमद्यासारखी गुंतवलेल्या तंतूंची ती एक जात आहे. लोक तिला चामडे समजून पुसतात, वर पॉलिश चोळतात आणि मग ती चार दिवसांत का मेली असे विचारतात.

तिची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जपानच्या तोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली ही कृती शोधली. तोरेने 'अल्ट्रास्वेड' या नावाने हा माल काढला. पुढे १९७२ साली इटलीत तोरेच्या भागीदारीत कंपनी उभी राहिली आणि तिच्या मालाचे नाव पडले अल्कांतारा. तिचा कारखाना इटलीच्या उंब्रिया भागात नेरा मोंतोरो येथे आहे. म्हणजे अल्कांतारा हे एका कंपनीच्या मालाचे नाव आहे, कापडाच्या जातीचे नव्हे. एके काळी आपल्याकडे प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसेच हे झाले. जाता जाता सांगतो, अल्कांतारा हा शब्द मुळात अरबी आहे. अल-कंतरा म्हणजे पूल. स्पेनमध्ये जुन्या रोमन पुलाजवळ याच नावाचे गाव आहे.

आता कृतीकडे येऊ, कारण निगेचे सगळे गमक तिच्यात आहे. दोन प्रकारचे प्लास्टिक एकत्र कातून एक धागा काढतात. त्याचा आडवा छेद घेतला तर समुद्रात बेटे दिसावीत तशी रचना असते. पुढे तो 'समुद्र' विरघळवून टाकतात आणि 'बेटे', म्हणजे पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू, मागे उरतात. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना डेनियर सांगायला नको. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. एक डेनियरच्या खाली गेलेल्या तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. हे तंतू त्याहूनही कितीतरी बारीक, ०.१ डेनियरच्या आसपासचे असतात. रेशमाचा तंतूही यांच्यापुढे जाड ठरेल. काटेरी सुयांनी टोचून टोचून त्यांचा नमदा करतात, त्यात पॉलियुरेथेन भरून तो बांधतात आणि शेवटी पृष्ठभाग घासून लव काढतात. अल्कांतारामध्ये साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते.

एवढ्या बारीक तंतूंचे जंगल म्हटल्यावर त्यात तेल शिरणारच. हाताच्या कातडीवर तेल आणि घाम सतत असतो. तो या लवेत मुरतो, त्यावर धूळ बसते, तंतू एकमेकांना चिकटतात आणि आडवे पडतात. आडव्या पडलेल्या लवेवर उजेड चमकतो. लोक ज्याला 'चकाकी आली' म्हणतात ती हीच. लव अजून जागेवर असते, फक्त तेलाखाली दबलेली असते. या अवस्थेत साफसफाई केली तर बहुतेक वेळा ती उठते. दुर्लक्ष केले तर घर्षणाने चिकटलेल्या तंतूंचे गोळे होतात, ते तुटतात आणि मग टक्कल पडते. त्या टकलावर इलाज नाही.

शर्यतीच्या गाड्यांत असे स्टिअरिंग फार पूर्वीपासून वापरतात, कारण ते निसटत नाही आणि उन्हात चमकून डोळ्यांवर तिरीप येत नाही. पण शर्यतीतला चालक हातमोजे घालून बसतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही. आपण उघड्या हाताने, उन्हाळ्यात, घामेजलेल्या तळव्यांनी गाडी हाकतो. मग तेच कापड तितकेच टिकावे अशी अपेक्षा ठेवतो.

असाच एक वाद मध्यंतरी आमच्यापुढे आला. एका सीट कव्हरवाल्याने स्टिअरिंग शिवून दिले होते. गिऱ्हाईक सात-आठ महिन्यांनी परत आले, म्हणाले नकली कापड लावले, पैसे परत द्या. कापडवाला माणूस म्हणून आम्हाला बोलावणे आले. आम्ही स्टिअरिंग नीट पाहिले. घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या दोन जागा सपाट आणि चकचकीत झाल्या होत्या. खालची बाजू मात्र नव्यासारखी, लव ताजी. कापड नकली असते तर ते सगळीकडून सारखेच बोलले असते. जिथे हात, तिथेच बिघाड, म्हणजे कापड निर्दोष. शिवाय बोटाला एक बुळबुळीतपणा लागत होता. चौकशी केली तेव्हा कळले की गाडी धुणारा मुलगा दर खेपेला डॅशबोर्डसोबत स्टिअरिंगवरही तोच सिलिकॉनचा पॉलिश फवारा मारत असे. तीन वेळा पुसून, वाळवून, ब्रश मारून डावी बाजू पुष्कळशी उठली, उजवी थोडी कमी. गिऱ्हाइकाने पैसे मागणे सोडले, पण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. शिवून देताना दोन मिनिटे समजावून सांगितले असते तर हे गिऱ्हाईक टिकले असते, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही कारागिराच्या तोंडावरही सांगितले.

आधी ओळख, मग पाणी

पुसण्याआधी वस्तू कोणती हे ओळखावे, कारण स्वेड या एका नावाखाली तीन माल फिरतात. पहिला खरा स्वेड, म्हणजे जनावराचे चामडे. शर्यतीच्या धर्तीची जी सुटी स्टिअरिंग मिळतात त्यांतल्या पुष्कळांवर हाच असतो. याला पाण्याचे वावडे आहे. तो भिजला की काळवंडतो आणि वाळताना कडक होतो. याला फक्त कोरडा ब्रश आणि स्वेडसाठीचे खास रबर. दुसरा माल वर सांगितलेला, पॉलियुरेथेनने बांधलेला नमदा. तिसरा म्हणजे साधे विणलेले पॉलिएस्टर, सँडपेपरच्या रोलरवर घासून लव काढलेले. त्याला अंगात बांधणी नसते, त्यामुळे लव झिजली की खालची वीण उघडी पडते. हा स्वस्त माल वाईट नाही, पण त्याला अल्कांताराच्या भावाने विकणे ही सरळ फसवणूक आहे.

कातरलेली कड भिंगाखाली धरली तर विणलेल्या मालाचे फासे दिसतात. नमद्यात फासे नसतात, सगळा गुंता असतो. मागे अस्तर चिकटवलेले असेल तर ते सोलून पाहावे. कात्रण जाळून पाहिले तर चामड्याला जळक्या केसांचा वास येतो आणि राख पडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा दुकानात, कात्रणावर करावी. गाडीत काडी ओढू नये हे सांगायला नको.

आता दुसऱ्या मालाची सफाई. आठवड्यातून एकदा मऊ केसांचा ब्रश किंवा कोरडे फडके फिरवावे. लहान मुलांच्या केसांचा ब्रश यासाठी उत्तम. धूळ आत मुरण्याआधी निघून गेली की निम्मे काम झाले. महिन्या-दोन महिन्यांनी ओला हात द्यावा. पांढरे सुती फडके घ्यावे. रंगीत नको, छापील कागदी रुमाल तर मुळीच नको, त्याचा रंग उतरतो. फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि स्टिअरिंग थोडे थोडे करत पुसावे, फडक्याची बाजू वारंवार बदलावी. पाणी बोअरचे नसावे. त्यातले क्षार लवेत बसतात आणि ती कडक होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते, तेच वापरावे. मग सावलीत आपोआप वाळू द्यावे, हेअर ड्रायर लावू नये. पूर्ण वाळल्यावर ब्रश हलक्या हाताने चहूदिशांनी मारावा म्हणजे लव उभी राहते. हा शेवटचा ब्रश पुष्कळजण चुकवतात आणि मग पुसूनही कडक झाले म्हणून रडतात.

पाणी ओतायचे मात्र नाही, फवारायचेही नाही. स्टिअरिंगच्या मध्ये एअरबॅग आहे, बटणे आहेत, तारा आहेत.

डाग पडला तर तो ताजा असतानाच टिपावा, आणि कडेकडून मध्याकडे यावे, नाही तर तो पसरतो. चहा-कॉफी सांडली तर कोमट पाण्याने टिपावी. रंग राहिलाच तर लिंबाचा रस किंचित लावून पुन्हा पाण्याने नीट काढावा. रक्ताला किंवा अंड्याला गार पाणीच, गरम पाण्याने ते घट्ट बसतात. तेल-तुपाच्या डागाला रंगहीन इथाइल अल्कोहोल पांढऱ्या फडक्यावर घेऊन टिपावे आणि नंतर ओले फडके फिरवावे. कपडे धुण्याची पावडर, ब्लीच, पेट्रोल, थिनर, चामड्याचे कंडिशनर यांतले काहीही त्याच्या जवळ नेऊ नये. कंडिशनर हे तेलच आहे. ज्या तेलाने कापड मरते तेच वरून चोळायचे, याला काय म्हणावे?

गोळे आलेच तर स्वेटरवरचे गोळे काढण्याचे यंत्र लोक फिरवतात. एकदा, अगदी हलक्या हाताने, चालेल. पण प्रत्येक वेळी थोडी लव कापली जाते आणि कापड पातळ होते, हे ध्यानात ठेवावे.

सफाईपेक्षा सवय मोठी. डोक्याला तेल लावून तसेच स्टिअरिंग धरू नये. आपल्याकडे अत्तर लावून निघण्याची रीत आहे. अत्तर तेलातच असते, तेव्हा ते मनगटाला आणि कानामागे असावे, तळव्याला नको. सॅनिटायझर वाळू द्यावा, कारण ओल्या हाताबरोबर तळव्यावरचे तेलही विरघळून लवेत जाते. वजूनंतर हात कोरडे करून बसावे. बोटातल्या जाड अंगठीचा खडा लवेला किसणीसारखा लागतो. ज्यांच्या तळव्यांना फार घाम येतो त्यांनी तर हे कापड घेऊच नये. त्यांनी साधे गुळगुळीत चामडे घ्यावे, ते पुसायला सोपे. गाडी उन्हात उभी करायची तर काचेला पडदा लावावा. पॉलियुरेथेनला उष्णता आणि दमटपणा एकत्र सोसत नाही, तेव्हा मुंबई-कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात गाडी कोरडी आणि हवेशीर ठेवण्याकडे अधिक लक्ष द्यावे.

कारागीर बंधूंसाठी

भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे. म्हणून स्टिअरिंग काढताना आधी बॅटरी सोडावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. हे काम ज्याला येते त्यानेच करावे. घाईत हात घालण्याची ही जागा नव्हे. काही नव्या गाड्यांत हात स्टिअरिंगवर आहे की नाही हे ओळखणारी यंत्रणा रिंगमध्येच बसवलेली असते. त्यावर जाड थर चढवला तर ती गोंधळते, म्हणून गाडी घेण्याआधीच ते विचारून घ्यावे.

शिवताना लवेची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच ठेवावी. मखमल शिवणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही, पण रेक्झिनवर हात बसलेले कारागीर कापड वाचवण्यासाठी तुकडे उलटसुलट लावतात आणि मग एकाच स्टिअरिंगवर दोन रंग दिसतात. सोल्यूशन जपून लावावे. ते वर फुटले की तेथली लव कायमची कडक होते आणि तो दोष खरोखर कारागिराचाच. जिथे हात सर्वात जास्त बसतो, त्या दहा आणि दोनच्या जागी गुळगुळीत चामडे आणि वरखाली स्वेड अशी जोडणी सुचवून पाहावी. कारखान्यातून येणाऱ्या काही गाड्यांतही अशी जोडणी असते, आणि दिसायला ती कमी नाही.

बिलावर 'स्वेड' एवढेच न लिहिता चामडे, नमदा की विणलेले पॉलिएस्टर हे स्पष्ट लिहावे. उरलेल्या कापडाचे वीतभर कात्रण बिलासोबत गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. डागावर काही लावण्याआधी त्याला त्यावर लावून पाहता येते, आणि पुढे वाद झालाच तर ताजी लव कशी होती हे दोघांनाही समोर ठेवून पाहता येते.