घरचा सर्व्हर, भाग ६ : डिस्क कोणाच्या ताब्यात?

२००८च्या डिसेंबरअखेर इंटरनेटवर एक छोटासा व्हिडिओ आला. सन मायक्रोसिस्टिम्सचा अभियंता ब्रेंडन ग्रेग डेटा सेंटरमध्ये डिस्कांच्या खणांसमोर उभा राहतो आणि त्यांच्यावर तोंड लावून ओरडतो. त्याच क्षणी आलेखात डिस्कांचा प्रतिसाद मंदावलेला दिसतो. आवाजाने डिस्क थरथरते, वाचणारं डोकं आपल्या रेघेवरून किंचित सरकतं आणि जागेवर यायला वेळ घेतं.

कोयनानगरचा माणूस हा व्हिडिओ जरा जास्तच लक्ष देऊन पाहील. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागल्यापासून या खोऱ्यातली जमीन हलत आली आहे. चार रिश्टरच्या वरचे धक्केच दोनशेच्या आसपास झाले. त्याहून लहान हजारो. मांडणीवरची भांडी वाजली की ‘झाला वाटतं’ म्हणायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. अशा गावात घरी फिरत्या डिस्कांचा सर्व्हर ठेवावा का? खुशाल ठेवावा. लहान धक्क्याने डिस्क फार तर क्षणभर अडखळते. डेटा जातो तो बहुधा दुसऱ्याच वाटेने, आणि ती वाट मालकानेच सेटिंग करताना उघडी ठेवलेली असते.

मागच्या भागात ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा होस्ट, बसवून झाला. आता त्याच मशीनच्या पोटात साठवणुकीचा सर्व्हर बसवायचा आहे. त्यासाठी ट्रूनॅस ही प्रणाली एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची. वेगळं मशीन घ्यायचं नाही, विजेचं बिलही वाढत नाही. मोह स्वाभाविक आहे. ‘साठवणूक व्हर्च्युअल करूच नका’ असं बजावणारे जाणकार भेटतात. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सर्व्हर व्हर्च्युअल चालतो. डिस्क व्हर्च्युअल चालत नाहीत.

याचं कारण झेडएफएस. ट्रूनॅसच्या मुळाशी असलेली ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्येच जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी उभी केली; २००५ मध्ये तिचा सोर्स कोड खुला झाला. तिचा स्वभाव संशयी. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ती वेगळा जपते, वाचताना ताडून बघते, आणि मिररमधली, म्हणजे दोन डिस्कांवरच्या जुळ्या प्रतींमधली, एक प्रत बिघडलेली निघाली तर दुसरीवरून दुरुस्त करते. जुन्या माहितीवर नवी कधी लिहीत नाही. नवी मोकळ्या जागेत लिहिते आणि मग खूण फिरवते. त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीची अवस्था शाबूत राहते. अट एकच : डिस्कने ‘लिहिलं’ अशी पोच दिली, तर ते खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे.

मध्ये आणखी थर आले की ही पोच नेमकी कोण देतंय हे कळेनासं होतं. होस्टवरच्या एका मोठ्या फाइललाच डिस्क म्हणून दिलं आणि कॅशचं सेटिंग ‘अनसेफ’ ठेवलं, तर मेमरीत पडून असलेल्या माहितीचीही पोच मिळते. खरी डिस्क व्हर्च्युअल मशीनला जोडून दिली तर परिस्थिती बरीच सुधारते. मात्र तिची स्मार्ट चाचणी, म्हणजे तब्येतीचा अहवाल, आतून दिसत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी, की प्रॉक्समॉक्सलाही झेडएफएस येतं. डिस्क त्याच्याही नजरेसमोर असतात. तोच पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कांचा साठा, होस्टने आणि ट्रूनॅसने एकाच वेळी उघडला, तर दोघे एकमेकांच्या नोंदींवर लिहितात आणि पूल कामातून जातो. इथे चेकसमही वाचवत नाही.

म्हणून डिस्क एकेक करून द्यायच्या नाहीत, अख्खं कंट्रोलर कार्डच द्यायचं. यालाच पासथ्रू म्हणतात. बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू चालू करायचं, कार्ड होस्टच्या ड्रायव्हरपासून सोडवायचं आणि ट्रूनॅसच्या हवाली करायचं. कार्ड कोणतं? जुन्या सर्व्हरमधून निघालेलं एलएसआय ९२११-८आय अजून चालतं. त्यावर ‘आयटी मोड’चं फर्मवेअर हवं, म्हणजे कार्ड डिस्कांची मोट बांधण्याची स्वतःची अक्कल (रेड) चालवत नाही, डिस्क जशा आहेत तशा पुढे करतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेताना नकली मालाची शक्यता धरूनच चालावं. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यात राहण्यासाठी बनवलेलं असतं. घरच्या कॅबिनेटमध्ये ते तापतं. त्याच्या हीटसिंकवर छोटा पंखा बांधणं हा हौसेचा भाग नव्हे.

पासथ्रूची किंमतही मोजावी लागते. दिलेली मेमरी पूर्णपणे त्या मशीनच्या नावावर अडकते. आठ जीबी हा ट्रूनॅसचा किमान आकडा, सोळा असतील तर बरं. चालू स्थितीत ते मशीन दुसऱ्या होस्टवर हलवण्याची सोयही सहसा उरत नाही. ईसीसी मेमरीवरून लोक तासन्‌तास भांडतात. असेल तर उत्तम, नसेल म्हणून घरचं काम अडवू नये.

डिस्क घेताना मात्र मॉडेल नंबर तपासावा. वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्कांत कौलांसारख्या एकावर एक रेघा चढवणारी एसएमआर पद्धत आहे, हे २०२० मध्ये उघड झालं. नॅससाठी, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या साठवणुकीसाठी, म्हणून विकलेल्या या डिस्क झेडएफएसमध्ये बदली म्हणून घातल्यावर पूल पुन्हा भरायला बेसुमार वेळ घेत होत्या.

आता वीज. घाटापलीकडे पोफळीला कोयना प्रकल्पाची वीज तयार होते, प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. आणि पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की खोऱ्यातलं गाव अंधारात बसतं. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी यूपीएस हा सर्व्हरचाच भाग मानावा. त्याची यूएसबी केबल ट्रूनॅसला नाही, होस्टला जोडायची. नट हा मोफत प्रोग्राम बॅटरी उतरत आल्याचं होस्टला सांगतो आणि होस्ट सगळ्या मशीनना बंद व्हायला लावतो. प्रॉक्समॉक्स प्रत्येक मशीनसाठी मुळात तीन मिनिटं थांबतो, म्हणजे बॅटरीत त्याहून बराच जास्त दम हवा.

एवढं करूनही मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअपची प्रत दुसऱ्या जागी हवी, आणि त्याचं उदाहरण कोयनेतच आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात धरणाच्या १-ए या ब्लॉकमधल्या यंत्राने हादऱ्यांची नोंद घेतली, त्वरण ०.६३ जीपर्यंत गेलं होतं. काँक्रीटच्या धरणांची गणितं तपासायला जगभरचे अभियंते आजही तीच नोंद घेतात. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांत कोयना धरण आहे. ती नोंद आज एका कपाटात नाही, आकड्यांच्या रूपात असंख्य संगणकांवर आहे.

घरच्या फोटोंना तेवढं भाग्य नको, पुण्याच्या नातेवाइकाकडे एक प्रत असली तरी पुरे. खोऱ्यातल्या इंटरनेटवरून दोन टीबी चढवत बसण्यापेक्षा पहिली प्रत घरीच काढून डिस्क एसटीने न्यावी. त्यानंतर झेडएफएस फक्त दोन स्नॅपशॉटमधला, म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या दोन अवस्थांमधला, फरक पाठवतं.

शेवटचं सेटिंग सुरू होण्याच्या क्रमाचं. इतर मशीन ट्रूनॅसवरच्या फोल्डरवर विसंबून असतात, तेव्हा ट्रूनॅसला क्रमांक १ द्यावा आणि पुढच्या मशीनआधी दोन मिनिटांचा अवकाश ठेवावा. बंद होताना हाच क्रम उलटा चालतो. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी यूपीएसचा प्लग भिंतीतून मुद्दाम काढून ही साखळी तपासावी. जूनमध्ये ती महावितरण तपासेलच.

(पुढील भागात : फाइल शेअरिंग आणि घरातल्या प्रत्येकाचे हक्क)