साथीची तुलना कशी करावी?

फेब्रुवारी 2021 मध्ये साऱ्या देशाचे लक्ष आपल्या वऱ्हाडाकडे लागले होते. कोरोनाची लाट ओसरली असे सगळे म्हणत असताना अमरावती आणि अकोला येथे रुग्ण भराभर वाढू लागले. 22 फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती शहर व अचलपूर येथे टाळेबंदी झाली. पाठोपाठ अकोला, अकोट, मूर्तिजापूरही बंद झाले. ‘तिकडचे लोकच बेफिकीर’, असे तेव्हा बाहेर बोलले जाई. हे म्हणणे कितपत खरे?

दोन प्रदेशांची तुलना करायची, तर तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

पहिला प्रश्न, शोध किती घेतला? कपाशीची पाने उलटून पाहतो त्यालाच अळी दिसते. जुलै 2021 च्या अखेरीस देशातील जवळजवळ निम्मे नवे रुग्ण एकट्या केरळात नोंदले जात होते. परंतु त्याच सुमाराच्या राष्ट्रीय रक्तपाहणीत, लागणीने किंवा लशीने येणारी प्रतिपिंडे केरळात शेकडा 44, महाराष्ट्रात 58 आणि मध्य प्रदेशात 79 लोकांत आढळली. म्हणजे केरळात रोग पसरला होता कमी, पण सापडत होता अधिक!

दुसरा प्रश्न, माणसे राहतात कशी? मुंबईच्या धारावीत 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रुग्ण सापडला. एका खोलीत सारे कुटुंब, संडास सार्वजनिक. तिथे ‘घरातच वेगळे राहा’ हे सांगून काय उपयोग? म्हणून पालिकेने घरोघर तपासणी करून संशयितांना शाळांत व सभागृहांत हलविले, आणि साथ आटोक्यात आली. खेड्यातल्या ऐसपैस वाड्याला उपाय वेगळा लागेल.

तिसरा प्रश्न तारखेचा. वऱ्हाड बंद झाले तेव्हा बाकीचे राज्य बहुतांशी सुरूच होते. राज्यभर कडक संचारबंदी आली ती 14 एप्रिलच्या रात्री. मध्ये 51 दिवस गेले. लग्नसराईची गर्दी आपल्याकडे होती, हे कबूल. पण ती इतरत्र नव्हती काय?

शेजारच्या घराला आग लागली, तर त्याला दोष देत बसायचे, की आपल्या घरी पाणी भरून ठेवायचे? वऱ्हाडाने आधी सोसले, तो इतरांना इशारा होता. पुढची साथ कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात आधी दिसेल. त्या वेळी आपण वऱ्हाडकरांनी तरी त्या जिल्ह्याला नावे ठेवू नयेत. आपली तयारी त्याच दिवशी सुरू करावी.